राबता वारसा आणि त्याचे पाहुणे

हंपीच्या विरूपाक्ष मंदिरासमोरून पूर्वेकडे जाणारा बाजाररस्ता सुमारे पाऊण किलोमीटर लांब आहे. दोन्ही बाजूंना विजयनगरकालीन दगडी मंटपांच्या ओळी. 2011 च्या जुलैपर्यंत या मंटपांत माणसे राहत होती. खांबांच्या मध्ये भिंती घालून केलेल्या खोल्या, पुढे चहाची टपरी, शेजारी सायकली भाड्याने देणारा, वर पत्रा, मागच्या बाजूला पाहुण्यांसाठी दोन खोल्या. जुलै संपता संपता प्रशासनाने बुलडोझर आणले आणि बाजार रिकामा केला. तीनशेच्या वर कुटुंबांचे बिऱ्हाड हलले. पुनर्वसनाची जागा मिळाली ती चारेक किलोमीटरवरच्या कड्डीरामपुरात. जुनी हंपी पाहिलेले प्रवासी आता पुन्हा तिथे गेले की हळहळतात; जागेतला जीवच गेला म्हणतात. पुरातत्त्वाचे अभ्यासक म्हणतात, विजयनगरचा बाजार कसा होता ते आता कुठे दिसू लागले आहे.

हा वाद हंपीपुरता नाही. माणसे जिथे राहतात, विकतात, भांडतात, कपडे वाळत घालतात, अशा जुन्या जागा बघायला आता मुद्दाम लोक जातात. तिकीटखिडकी, हिरवळ आणि ‘हात लावू नका’च्या पाट्या असलेल्या स्मारकापेक्षा त्यांना गल्ली हवी असते. अशा जागांचे काय करायचे, त्या कुणासाठी राखायच्या आणि किती ‘नीट’ करायच्या, यावर गेली साठेक वर्षे जगभर आणि आपल्याकडेही चर्चा चालू आहे. ती कुठवर आली आहे ते पाहू.

जतनाचा विचार कसा बदलत गेला

भारतात स्मारकांच्या जतनाची चौकट वसाहतकाळात घडली. 1904 चा कायदा लॉर्ड कर्झनच्या काळातला. पुरातत्त्व खात्याचे महासंचालक जॉन मार्शल यांची जतनाची नियमपुस्तिका 1923 मध्ये आली. तिचा गाभा असा : पडलेले पडलेले राहू द्या, अंदाजाने नवे बांधू नका, जुन्या कामाच्या अंगावर नवे काम चढवू नका. वापरातल्या देवळा-मशिदींना मार्शल यांनी थोडी सवलत दिली होती. पण खात्याच्या रोजच्या कारभारात जी शिस्त मुरली ती ओसाड अवशेषांची होती. स्मारकाभोवती कुंपण, बाग, चौकीदार; आत कुणी राहत असेल तर ते अतिक्रमण.

जगात इतरत्रही विचार याच अंगाने चालला होता. 1964 च्या व्हेनिस सनदेने मूळ साहित्य आणि मूळ बांधणी यांना प्रमाण मानले. युनेस्कोचा जागतिक वारसा करार 1972 चा. त्याच्या पहिल्या नियमावलीत एखादी जागा अस्सल ठरायला आराखडा, साहित्य, कारागिरी आणि परिसर अशा चार गोष्टी तपासल्या जात. या कसोटीवर जपानमधले इसे येथील शिंतो देवस्थान कसे उतरावे? ते तर दर वीस वर्षांनी नव्या लाकडात संपूर्ण पुन्हा बांधतात. लाकूड नवे, पण विधी, मोजमापे आणि सुतारांच्या पिढ्या अखंड. 1994 मध्ये जपानमधल्याच नारा शहरात तज्ज्ञ जमले आणि त्यांनी जो दस्तऐवज केला त्यात वापर, परंपरा आणि जागेचा भाव यांनाही पुराव्याचा दर्जा मिळाला. अस्सलपणाची मोजपट्टी प्रत्येक संस्कृतीत तीच असणार नाही, हे तिथे मान्य झाले.

भारतात याचा पडसाद उमटला तो इन्टॅक या संस्थेच्या 2004 च्या सनदेत. कायद्याचे संरक्षण नसलेल्या वास्तूंसाठी ती लिहिलेली आहे. जीर्णोद्धार ही आपली जुनी रीत आहे, राजमिस्त्री आणि स्थपती यांचे ज्ञान हाही वारसा आहे आणि त्यांनी नव्याने घडवलेला दगड ही फसवणूक नव्हे, अशी भूमिका त्या सनदेत आहे. सरकारी चौकट मात्र 1958 च्या कायद्याची राहिली. 2010 च्या दुरुस्तीने ती आणखी कडक केली : संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम नाही, त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगीनेच. ओसाड माळावरच्या अवशेषांना हे अंतर जाचत नाही. भर वस्तीतल्या स्मारकाभोवती त्याच अंतरात शेकडो घरे येतात आणि मोडकी भिंत नव्याने उभारण्यासाठीही घरमालकाला परवानगीच्या वाटेने जावे लागते.

गजबजाटालाच वारसा मानावे, या विचाराला मोरोक्कोतल्या मराकेश शहराच्या जामा अल-फना चौकाने बळ दिले. तिथे संध्याकाळी कथेकरी, गारुडी, वैदू, वादक आणि खाद्यपदार्थांचे गाडे जमतात. 1990 च्या दशकात चौकालगत उंच इमारत आणि भूमिगत वाहनतळ होणार म्हटल्यावर स्पॅनिश लेखक हुआन गोयतिसोलो यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. त्या खटपटीतून युनेस्कोत अमूर्त वारशाची चर्चा पुढे सरकली. चौकाचा सन्मान 2001 मध्ये झाला, स्वतंत्र करार 2003 मध्ये. पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. मान मिळाला, प्रवासी वाढले, खाद्यगाडे वाढले आणि कथेकरी रोडावले. अरबी न कळणारा पाहुणा तासभर गोष्ट ऐकत बसत नाही. तो सापाबरोबर फोटो काढतो आणि पुढे जातो.

पाहुण्याला नेमके काय हवे असते

पर्यटनाच्या अभ्यासकांनी हा प्रश्न वेगळ्या टोकाने धरला. अमेरिकी इतिहासकार डॅनियल बूर्स्टिन यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीलाच तक्रार केली होती की पूर्वीचा प्रवासी संपला, उरला तो पर्यटक, आणि त्याला त्याच्यासाठी बेतलेले देखावेच आवडतात. डीन मॅकॅनेल यांनी 1973 मध्ये याला उलटे उत्तर दिले. पर्यटक खोटेपणावर खूश नसतो, तो खऱ्याच्या शोधात असतो, असे त्यांचे म्हणणे. दर्शनी भागाला तो कंटाळतो आणि मागच्या दाराने स्वयंपाकघरापर्यंत पोचू पाहतो. यजमानालाही हे कळते. मग तो एक सजवलेले स्वयंपाकघर तयार ठेवतो. आपल्याकडच्या कृषी पर्यटनातली शेणाने सारवलेली चूल ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे अधिक फोड करून सांगायला नको. यजमानांचा रोजचा स्वयंपाक आत गॅसवरच होतो.

एरिक कोहेन यांनी 1988 मध्ये आणखी एक बाजू मांडली. आज पाहुण्यांसाठी सुरू झालेली गोष्ट उद्या खरी होऊ शकते. याचे उदाहरण बनारसमध्ये रोज संध्याकाळी दिसते. दशाश्वमेध घाटावरची चौरंग, सारखे पोशाख आणि ध्वनिवर्धकांसह होणारी गंगाआरती सध्याच्या रूपात 1990 च्या दशकातली आहे. आज ती पाहिल्याशिवाय काशीयात्रा पुरी झाली असे पुण्या-नाशिकहून गेलेल्या आपल्या माणसांना वाटत नाही. तिला दिखाऊ म्हणणारे आहेत. पण तिथे डोळे मिटून हात जोडणाऱ्या बाईची भक्ती दिखाऊ आहे असे म्हणायची छाती कुणाची होणार? निंग वांग यांनी 1999 मध्ये तर चर्चेचा रोखच वस्तूकडून माणसाकडे वळवला. जागा खरी की बेतलेली हे बाजूला ठेवा, तिथे माणसाला आपण मोकळे झालो, आपल्यासारखे झालो असे वाटते का, ते पाहा, असे त्यांनी सुचवले.

हे शेवटचे म्हणणे वारीबाबत बरेच जुळते. आलंदी-पुणे किंवा पुणे-सासवड एवढाच टप्पा चालणारे, दिवे घाट चढून संध्याकाळी घरी परतणारे शहरी लोक आता दरवर्षी मोठ्या संख्येने दिसतात. जुन्या वारकऱ्यांपैकी काहींना त्यांचे कॅमेरे खटकतात, काहींना त्यांचे येणेच आवडते. मात्र हे मोकळे होणे एकतर्फी असू शकते. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात दिंडीबरोबर चालतानाचा आनंद लिहिला आणि त्याच ओघात जातीजातींचे वेगळे चालणे, वेगळे जेवणेही नोंदवले. आपल्याला आलेला अनुभव आणि समोरच्याचे जगणे अशा दोन्ही गोष्टी एकाच लेखात मांडणारे प्रवासी तेव्हाही थोडेच होते.

जैसलमेर : पाण्याचा प्रश्न

सिद्धांतांच्या पातळीवर अडलेली चर्चा जैसलमेरच्या किल्ल्यात जमिनीवर, खरे तर जमिनीखाली, उतरते. 1156 मध्ये वसलेल्या या किल्ल्यात आजही काही हजार लोक राहतात. महाल, जैन मंदिरे, हवेल्या आणि त्यांना चिकटून साधी घरे. सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’ने 1974 मध्ये तो बंगाली घराघरात पोचवला आणि आजही दिवाळीच्या सुट्टीत गल्ल्यांत बांगला ऐकू येते. नंतर परदेशी प्रवासी आले. त्यांना किल्ल्यातच, पिवळ्या दगडाच्या जुन्या घरातच उतरायचे होते. घरमालकांनी खोल्या काढल्या, खोल्यांना न्हाणीघरे जोडली.

वाळवंटातल्या या किल्ल्यात पाणी खालून, गडीसर तलावावरून, डोक्यावर वाहून आणत. तेव्हा ते वापरले जाई तेही त्या हिशेबाने. उघडी गटारे तेवढ्याच सांडपाण्यासाठी होती. नळ आले आणि पाण्याचा वापर अनेक पटींनी वाढला. किल्ल्याखालची टेकडी वालुकाश्माच्या आणि चिकणमातीच्या थरांची आहे. मुरलेल्या पाण्याने ती फुगते आणि सरकते. 1990 च्या दशकापासून बुरूज ढासळू लागले. 2024 च्या पावसाळ्यातही तटाचा काही भाग पडला. काही मार्गदर्शक पुस्तकांनी किल्ल्यातल्या हॉटेलांची शिफारस करणेच थांबवले.

म्हणजे ज्याला तटाखालच्या पंचतारांकित हॉटेलापेक्षा आतली गल्ली हवी, तो रसिक पाहुणाच रोज दोनदा अंघोळ करून पायथा भिजवतो आहे. यावर उपाय म्हणून वस्ती हलवावी, असे सुचवणारा एक पक्ष आहे. हॉटेले हलवा, रहिवासी राहू द्या, म्हणणारा दुसरा. तिसरा पक्ष रहिवाशांचा. त्यांचा युक्तिवाद सरळ आहे : दोष माणसांचा नाही, मलवाहिन्यांचा आहे, त्या नीट टाका, आम्ही आठशे वर्षे इथेच आहोत. आणि किल्ल्यात दुसरा धंदा नसताना खोल्या बंद करा म्हणणे म्हणजे निघून जा म्हणणेच आहे. 2013 मध्ये राजस्थानच्या इतर पाच गडांबरोबर जैसलमेर जागतिक वारसायादीत आला. गटारांचा प्रश्न त्याने सुटला नाही, फक्त त्याकडे पाहणारे डोळे वाढले.

दोन शहरे, दोन वाटा

अहमदाबादने सावकाशीची वाट धरली. 1997 मध्ये तिथल्या महापालिकेने कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत सकाळची पायी फेरी सुरू केली. पोळांतून, म्हणजे दरवाजे असलेल्या जुन्या वाड्यावस्त्यांतून, ती जाते. काही पाडले नाही, फार काही रंगवलेही नाही. पाहुण्यांना फक्त वाट दाखवली. 2017 मध्ये जागतिक वारसायादीत आलेले ते भारतातले पहिले शहर ठरले. लाकडी घर राखणाऱ्या मालकाला विकासहक्क विकता यावेत, अशी सोयही महापालिकेने केली. अडचण निराळीच आहे. घरातली पुढची पिढी साबरमतीच्या पश्चिमेला फ्लॅटमध्ये गेली. मागे राहिले म्हातारे, भाडेकरू आणि गोदामे. विकासहक्काचा पैसा मालकाला मिळतो. खरोखर तिथे राहणारा भाडेकरू त्या हिशेबात कुठेच नसतो. घर उभे आहे पण आत कापडाचे तागे आहेत, याला राबता वारसा म्हणावे का, यावर तिथल्या वास्तुविशारदांतही एकमत नाही.

काशीने दुसरी वाट घेतली. विश्वनाथ मंदिर ते गंगा हा मार्ग मोकळा करण्यासाठी तीनशेवर मालमत्ता विकत घेऊन पाडण्यात आल्या. 2019 मध्ये पायाभरणी आणि डिसेंबर 2021 मध्ये उद्घाटन झाले. आजचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी बांधलेले, 1780 च्या सुमाराचे; ब्रह्माघाट-दुर्गाघाट परिसरात मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदली; त्यामुळे महाराष्ट्रातही या कामाची चर्चा झाली. विरोधकांचे म्हणणे असे की लाहौरी टोल्यासारख्या गल्ल्या हीच काशी होती आणि त्यांतले जगणे पुन्हा बांधता येणार नाही. समर्थक म्हणतात, चिंचोळ्या बोळांत चेंगराचेंगरीचा धोका होता, म्हाताऱ्या माणसांना दर्शन दुरापास्त होते आणि घरांच्या पोटात दडलेली कित्येक छोटी देवळे पाडकामातच बाहेर आली. दर्शनाला येणाऱ्यांची संख्या नंतर कित्येक पटींनी वाढली, हेही खरे.

इथे पाश्चात्त्य अभ्यासात नसलेला एक पदर आहे आणि माझ्या मते आपल्याकडच्या चर्चेत तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. पर्यटनाचे सिद्धांत ज्या पाहुण्यावर बेतले आहेत त्याला खडबडीत, न सजवलेली जागा हवी असते. आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्यांत बहुसंख्य यात्रेकरू असतात आणि यात्रेकरूला खडबडीतपणाचे अजिबात कौतुक नसते. त्याला रांग लवकर सरकायला हवी, चप्पल ठेवायला जागा हवी, आईसाठी व्हीलचेअर हवी, स्वच्छतागृह हवे. बोळ रुंद झाला तर तो दुवाच देतो. वारसाप्रेमी प्रवासी आणि स्थानिक रहिवासी यांनी हातमिळवणी केली तरी सरकारच्या पारड्यात हा तिसरा माणूस जड पडतो, आणि त्याची गरज खोटी नाही.

आपल्याकडची प्रकरणे

पंढरपुरात हेच चित्र आहे. मंदिराभोवती कॉरिडॉर करण्याचा प्रस्ताव 2022 मध्ये पुढे आला तेव्हा व्यापारी आणि रहिवासी रस्त्यावर उतरले. वाडे जातील, मठ जातील, पिढीजात दुकाने जातील, ही त्यांची धास्ती. दुसऱ्या बाजूला आषाढीच्या गर्दीचे आकडे आहेत. इथले वेगळेपण असे की ज्यांचे घर मोडेल तेच वारकऱ्यांना उतरवून घेणारेही आहेत. यात्रेची व्यवस्था त्या वाड्यांवरच उभी आहे. यात्रेसाठी वाडे पाडले तर यात्रेकरू हॉटेलात जाईल, आणि ज्याला हॉटेल परवडत नाही तो कुठे जाईल, हा प्रश्न कॉरिडॉरच्या समर्थकांनी अजून पुरता हाती घेतलेला नाही. 2024 मध्ये मंदिराच्या आतही काम झाले. नंतरच्या काळात बसवलेल्या फरश्या आणि रंग काढून जुना दगड उघडा केला, आणि त्या ओघात मूर्ती असलेले तळघर सापडले. नवे थर काढणे सर्वांना रुचले. पण भाविकांनी वेळोवेळी अर्पण केलेले थरही देवळाच्या इतिहासाचाच भाग असतात, आणि कुठल्या शतकाशी थांबायचे हे कोण ठरवणार, असा पेच तज्ज्ञांपुढे राहतोच.

जुलै 2025 मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने बारा किल्ले जागतिक वारसायादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले, एक तामिळनाडूतले जिंजी. आनंद झाला, फटाके वाजले. पण या बारांत पन्हाळा आहे आणि पन्हाळा हे नगरपरिषद असलेले नांदते गाव आहे. तिथे शाळा आहे, बाजार आहे, तीन दरवाजाजवळ झुणका-भाकरीचे स्टॉल आहेत. नामांकनाच्या काळातच रहिवाशांनी उघडपणे विचारले की उद्या घराला मजला चढवायचा तर कुणाला विचारायचे आणि आम्हालाच उठवणार का. प्रशासनाला बैठका घेऊन त्यांची समजूत घालावी लागली. सिंधुदुर्गावरही थोडी कुटुंबे अजून राहतात. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आणि शिवराजेश्वराचे मंदिर यांमुळे तो किल्ला कधी निव्वळ अवशेष झालाच नाही. पावसाळ्यात मालवणहून होड्या बंद झाल्या की त्याचा मालक पुन्हा समुद्र असतो.

गोव्यात पणजीच्या फोंतेन्यासमध्ये ताण वेगळ्या जातीचा आहे. घरे रंगीत, देखणी आणि राहती. लग्नाआधीच्या फोटोंसाठी लोक अनोळखी घरांच्या पायऱ्यांवर बसू लागले, तेव्हा रहिवाशांनी ‘फोटो काढू नयेत’ अशा पाट्या लावल्या. जपानमधल्या क्योतोच्या गिओन भागात 2024 मध्ये खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद केल्या, आणि सोलच्या बुकचोन वस्तीत त्याच वर्षी संध्याकाळनंतर प्रवेशबंदी आली. जिवंत वस्तीच हवी म्हणून येणाऱ्यांना त्या वस्तीने घातलेल्या या मर्यादा आहेत.

काय ठरलेले नाही

काही मुद्द्यांवर आज जवळपास एकमत आहे. रहिवासी म्हणजे अतिक्रमण ही जुनी समजूत निदान कागदावर मागे पडली. पुरातत्त्व खात्याच्या 2014 च्या धोरणातही स्थानिकांच्या सहभागाची भाषा आहे. पाहुण्याच्या आवडीसाठी कुणाला गैरसोयीत ठेवणे समर्थनीय नाही, यावरही फारसा वाद उरलेला नाही.

वाद आहे तो अंमलाचा. स्थानिक म्हणजे कोण? घरमालक, भाडेकरू, पथारीवाला, पुजारी आणि होमस्टे चालवायला बाहेरून आलेला तरुण या सर्वांचे हित एक नाही, आणि सहभागाच्या बैठकीला बहुधा पहिलाच येतो. हंपीत मंटपात राहणाऱ्यांकडे जमिनीचे कागद नव्हते. वर्षानुवर्षे तिथे चूल पेटली एवढाच त्यांचा पुरावा. वापराला नारा दस्तऐवजात किंमत आहे, महसुली दप्तरात नाही. आपल्या कायद्यात संरक्षित स्मारक आहे, नियंत्रित क्षेत्र आहे, शहरांच्या विकास नियमावल्यांत वारसायादी आणि तिच्या श्रेणी आहेत. पण माणसांसकट राखायची जागा असा स्वतंत्र वर्ग नाही. तो असावा की नसावा, यावरही दोन मते आहेत. असावा म्हणणाऱ्यांना त्यातून निधी आणि हक्क मिळतील असे वाटते. नसावा म्हणणाऱ्यांना भीती आहे की एकदा ‘जिवंत’ म्हणून नोंद झाली की त्या माणसाला बदलण्याची मुभा राहणार नाही; त्याने धोतर सोडले, चुलीऐवजी गॅस घेतला, तर नोंदच धोक्यात येईल.

आणि मोजदादीचा प्रश्न आहे. अजिंठ्याला किंवा ताजमहालाला किती माणसे आली हे तिकिटांवरून सांगता येते. फोंतेन्यासला, काशीच्या उरलेल्या गल्ल्यांना किंवा पन्हाळ्याच्या बाजारपेठेला तिकीटखिडकी नाही. तिथे रोज किती पाहुणे येतात, त्यांनी खर्च केलेल्या रुपयातले किती पैसे गल्लीत राहतात, पाणी किती वापरले जाते, यांची सलग नोंद ठेवण्याची जबाबदारी नगरपरिषद, पुरातत्त्व खाते आणि पर्यटन विभाग यांपैकी नेमकी कुणाची, हे कुठल्याच नियमात स्पष्ट लिहिलेले नाही. बारा किल्ल्यांच्या व्यवस्थापनाची कामे आता सुरू होत आहेत. पन्हाळ्यापुरती ही नोंद नगरपरिषदेकडे द्यावी आणि तिच्यासाठी पैसा राज्याने द्यावा, असे करता येण्यासारखे आहे. त्यासाठी युनेस्कोची परवानगी लागत नाही.